राउटरची नोंदवही राउटरबाहेरच हवी!

प्रतिनिधी

रात्री केव्हातरी कार्यालयाचे इंटरनेट बंद पडते. सकाळी कर्मचारी नेहमीचा उपाय करतात; राउटर बंद करून पुन्हा सुरू करतात. काम पूर्ववत सुरू होते, मात्र रात्री नेमके काय घडले याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो.

बहुतेक राउटर आणि स्विच आपल्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजेच ‘लॉग’, तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. ही जागा भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात आणि वीज गेली की साऱ्याच नाहीशा होतात. शिवाय उपकरणाचा ताबा मिळवलेला घुसखोर आपला माग राहू नये म्हणून याच नोंदी नष्ट करू शकतो. म्हणूनच प्रत्येक नोंद घडताक्षणी दुसऱ्या संगणकावर पाठवणे आवश्यक ठरते. त्यासाठीची ‘सिसलॉग’ ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सेंडमेल’ या ई-मेल प्रणालीसाठी तयार केली. पुढे नेटवर्कच्या उपकरणांनीही ती स्वीकारली.

घड्याळ आधी, पत्ता नंतर

प्रथम उपकरणाचे घड्याळ ‘एनटीपी’द्वारे प्रमाणवेळेशी जुळवावे. वेळ चुकीची असेल तर दोन उपकरणांच्या नोंदींचा मेळ बसत नाही. त्यानंतर सिस्कोच्या राउटरवर ‘लॉगिंग होस्ट’ या आज्ञेपुढे सर्व्हरचा आयपी पत्ता द्यावा. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ५१४ क्रमांकाचे पोर्ट खुले असावे लागते.

पातळी कोणती?

नोंदींच्या गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. ० म्हणजे आणीबाणी, तर ७ म्हणजे दोषशोधनाचा बारीकसारीक तपशील. ‘लॉगिंग ट्रॅप’ या आज्ञेने जी पातळी निवडावी, ती आणि तिच्याहून गंभीर नोंदीच पाठवल्या जातात. चूक होते ती येथेच. ‘केवळ इशारे पुरेत’ म्हणून ४ ही पातळी ठेवली, तर राउटरचे सेटिंग कोणी बदलल्याची नोंद सर्व्हरवर पोहोचतच नाही. कारण सिस्कोमध्ये ती ५ व्या पातळीची असते. उलट ७ ही पातळी कायम ठेवल्यास नोंदींचा पूर येतो. सर्वसाधारणपणे ६ ही पातळी सोयीची ठरते.

मार्ग सुरक्षित हवा

यूडीपीने पाठवलेल्या नोंदीची पोच मिळत नाही, ती वाटेत हरवू शकते आणि वाचताही येते. उपकरणात सोय असल्यास ‘टीएलएस’ या सांकेतिक मार्गाचा आणि ६५१४ या पोर्टचा वापर करावा. अन्यथा नोंदींसाठी नेटवर्कचा स्वतंत्र भाग राखावा.

शेवटी सेटिंग जतन करण्यास विसरू नये. नाहीतर राउटर पुन्हा सुरू होताच तेही जाईल. मग सेटिंगमध्ये एखादा किरकोळ बदल करून त्याची नोंद सर्व्हरवर उमटते का, हे पाहावे.

भारतात हा केवळ सोयीचा प्रश्न उरलेला नाही. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे, तसेच घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते. नोंदीच नसतील, तर कळवणार काय?