दात पांढरे करायचे, पण कशाने?

आधी दात साफ करून घ्या. चहा, पान, मशेरीचे वरवरचे डाग आणि कीटण पुष्कळदा नुसत्या स्केलिंग-पॉलिशिंगनेच निघतात; पुढच्या खर्चाची गरजच पडत नाही.

आतून पिवळसर दिसणाऱ्या दातांसाठी ब्लीचिंग. हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगद्रव्यांचे रेणू फोडतं. दवाखान्यात साधारण २५ ते ४० टक्क्यांचं जेल वापरतात, म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर देतात. फरक त्याच दिवशी दिसतो, पण दात शिवशिवतातही.

घरी करायचं तर डेंटिस्टकडून दातांचं माप देऊन ट्रे बनवून घ्यावा. प्रत्येक दातासमोर १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा छोटासा थेंब, रात्रभर, दोनेक आठवडे. दंतवैद्य हेवूड आणि हेमन यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही पद्धत आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. जेलमधून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. ठणका लागला तर एक दिवसाआड लावा. कीड असेल तर आधी ती भरून घ्या. कॅप आणि सिमेंटचा रंग मात्र बदलत नाही.

लिंबू चोळू नका. आम्लाने इनॅमल विरघळतं, ते पुन्हा येत नाही आणि खालचं पिवळं डेंटिन उघडं पडतं. कोळशाच्या पावडरीनेही दात घासून झिजतात. आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच: दात काळवंडतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे.