बर्फावरील बालविजेती

१९२४ सालीं फ्रान्समधील शामोनी येथें पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. तेथें स्त्रियांच्या फिगर स्केटिंगच्या स्पर्धेंत आठ जणी उतरल्या होत्या. त्यांत नॉर्वेची सोनिया हेनी ही अवघ्या अकरा वर्षांची मुलगी होती. खेळ चालू असतांनाच ती कडेला येऊन, आतां पुढें काय करावयाचें, असें आपल्या शिक्षकास विचारी, अशी आठवण सांगतात. निकालांत तिचा क्रमांक शेवटचा लागला. हीच मुलगी पुढें १९२८, १९३२ व १९३६ असे लागोपाठ तीन ऑलिंपिक सामने जिंकून गेली.

आपल्यापैकीं पुष्कळांनीं हा खेळ पाहिलेला नसेल, म्हणून त्याचें स्वरूप प्रथम सांगतों. बुटाच्या तळाशीं पोलादी पातें बसविलेलें असतें. पात्याच्या मध्यावर लांबीभर पन्हळीसारखी खोलगट जागा असल्यामुळें त्यास आंतली व बाहेरची अशा दोन धारा येतात. अंग ज्या बाजूस झुकेल त्या बाजूची धार बर्फांत रुतते आणि मार्ग आपोआप वळतो. सोनियाच्या काळीं गुणांचा मोठा भाग या वळणांनाच असे. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखीं वर्तुळें काढावयाचीं, तींच पुन्हां गिरवावयाचीं, आणि परीक्षकांनीं ओणवें होऊन रेघ तपासावयाची. पाटीवर कित्ता गिरविण्यासारखेंच हें काम होय. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तें काढून टाकण्यांत आलें.

सोनियाचे वडील सधन व्यापारी असून स्वतः सायकलच्या शर्यतींतील माजी जगज्जेते होते. १९२७ सालीं ऑस्लो येथें ती प्रथम जगज्जेती झाली, तेव्हां तिला पंधरावें वर्ष चालू होतें. पण या विजयास गालबोट लागलें. पांच परीक्षकांपैकीं तिघे नॉर्वेचे होते. त्या तिघांनीं तिला पहिली ठरविलें, तर उरलेल्या दोघांनीं ऑस्ट्रियाच्या हर्मा साबोला. पुढें एका देशाचा एकच परीक्षक असावा, असा नियम झाला. परंतु त्यानंतरचीं नऊ वर्षेंही जगज्जेतेपद सोनियाकडेच राहिलें, आणि मग तिच्या योग्यतेविषयीं शंका उरली नाहीं. १९३६ मध्यें स्पर्धा सोडून ती हॉलिवुडच्या चित्रपटांत गेली. १९६९ सालीं तिचें निधन झालें.

वर्तुळें गेल्यावर या खेळांत उड्यांचें माहात्म्य वाढलें. हवेंत तीन-चार गिरक्या घ्यावयाच्या तर शरीर हलकें व सडपातळ हवें. म्हणून कोंवळ्या वयाच्या मुलींचा भाव वाढला. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळीं एका पंधरा वर्षांच्या रशियन मुलीच्या नमुन्यांत निषिद्ध औषध आढळल्याचें उघड झालें, आणि निर्णायक दिवशीं ती साऱ्या जगासमोर पुनःपुन्हां पडली. दोष औषध घेणाऱ्या मुलीचा कीं तिच्याभोंवतालच्या वडीलधाऱ्यांचा, हा प्रश्न तेव्हां सर्वत्र विचारला गेला. त्याच वर्षीं जूनमध्यें आंतरराष्ट्रीय संघटनेनें प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्यानें सतरावर नेण्याचें ठरविलें.

मला हा निर्णय योग्य वाटतो. अकरा वर्षांची सोनिया शेवटची आली, घरीं परतली, आणि पुन्हां शिकूं लागली; त्या पराभवानें तिचें कांहींच बिघडलें नाहीं. मुलाला शेवटचा क्रमांक परवडला पाहिजे. ज्या मुलाच्या खांद्यावर राष्ट्राची प्रतिष्ठा ठेविली जाते, त्याला तो परवडत नाहीं. हें बर्फावर जितकें खरें, तितकेंच आपल्या शाळेच्या वर्गांतही खरें आहे.