जंगलातल्या तलावांवर पहिल्यांदाच कॅनू घेऊन जाताय? मग नकाशा कोणता घ्यायचा?

आरशासारखं पाणी, कॅनूचं लाल टोक आणि दोन्ही काठांना पाइनची झाडं. अमेरिकेतल्या 'बाउंड्री वॉटर्स'चे असे रील तुम्हीही पाहिले असतील. त्यात सहसा न दिसणारी वस्तू म्हणजे वल्हवणाऱ्याच्या पायाशी ठेवलेला नकाशा.

मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून हे राखीव अरण्य आहे. क्षेत्रफळ सुमारे 4,400 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आजच्या ठाणे जिल्ह्याएवढं. त्यात हजाराहून जास्त तलाव आहेत. आत रस्ते नाहीत, दिशा दाखवणाऱ्या पाट्या नाहीत आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही.

मिनियापोलिस किंवा शिकागोत राहणाऱ्या एखाद्या मराठी मित्राने 'येतोस का?' असं विचारलं, तर होकार देण्याआधी ही माहिती वाचून ठेवा.

गुगल मॅप्स का चालत नाही?

गुगल मॅप्सवर तलाव निळे दिसतात, पण एका तलावातून दुसऱ्यात कुठून जायचं हे कळत नाही. दोन तलावांच्या मध्ये जमीन असते. तिथे सामान पाठीवर आणि कॅनू खांद्यावर घेऊन चालत जावं लागतं. या पायवाटेला 'पोर्टेज' म्हणतात. झाडीतून सुरू होणारी ही वाट पाण्यावरून पटकन दिसत नाही.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. इथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. ठरवून दिलेल्या जागांवरच राहावं लागतं, आणि जो आधी पोहोचेल त्याला जागा मिळते. म्हणजे पोर्टेज आणि मुक्कामाच्या जागा, या दोन गोष्टी नकाशावर असायलाच हव्यात.

बाजारात कोणते नकाशे आहेत?

नॅशनल जिओग्राफिक ट्रेल्स इलस्ट्रेटेड: पूर्व आणि पश्चिम अशा दोनच नकाशांत सगळा परिसर येतो. घरी टेबलावर पसरून मार्ग ठरवायला हे उत्तम आहेत.

फिशर: याचं प्रमाण एका मैलाला दीड इंच, म्हणजे 1:42,240. नकाशावरचं 1 सेंटीमीटर म्हणजे पाण्यावरचे सुमारे 420 मीटर. मुक्कामाच्या जागा लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात.

मॅकेन्झी: एका मैलाला दोन इंच, म्हणजे 1:31,680. इथे 1 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 320 मीटर. तपशील मोठा दिसतो, पण एका नकाशात परिसर कमी मावतो. त्यामुळे जास्त नकाशे घ्यावे लागू शकतात.

यूएसजीएस: अमेरिकी सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे 1:24,000 प्रमाणाचे नकाशे. पीडीएफ मोफत मिळते. डोंगरउतार समजून घ्यायला चांगले, पण पोर्टेज आणि मुक्कामाच्या जागांसाठी फक्त यांच्यावर विसंबू नका.

मोठ्या प्रमाणाचा नकाशा कशाला हवा?

उदाहरण घेऊ 'लेक वन'चं. इली गावापासून सुमारे 30 किलोमीटरवर रस्ता संपतो आणि हा तलाव सुरू होतो. इथून लेक टू, थ्री आणि फोर असा मार्ग आहे. पोर्टेज छोटे आणि मोजके असल्यामुळे नवख्यांमध्ये तो लोकप्रिय आहे. पण याच लेक वनवर अनेकांची वाट चुकते.

कारण तलावात बेटं आणि खाचाखोचा भरपूर आहेत. नकाशा आपण वरून बघतो. कॅनूत बसल्यावर मात्र आपले डोळे पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंचीवर असतात. तिथून बेट आणि त्यामागचा काठ एकच वाटतात. दोन बेटांमधली फट अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी काठाचा प्रत्येक वळसा दाखवणारा नकाशा लागतो. आढाव्याच्या नकाशावर हीच फट केसाएवढी दिसेल.

म्हणून पहिल्या सहलीसाठी सरळ हिशोब असा: मार्ग ठरवायला एक आढाव्याचा नकाशा, आणि कॅनूत ठेवायला फिशर किंवा मॅकेन्झी.

नकाशावरचे 'रॉड' म्हणजे काय?

इथे पोर्टेजची लांबी मीटरमध्ये नाही, 'रॉड'मध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनूएवढी लांबी. 320 रॉडचा एक मैल होतो. मनात पाचने गुणलं की मीटर मिळतात.

आता 160 रॉडचा पोर्टेज घ्या. लांबी 800 मीटर. पण सगळं सामान एका खेपेत गेलं नाही, तर ओझं घेऊन जा, रिकामे परत या आणि पुन्हा ओझं घेऊन जा. म्हणजे चाल झाली 2.4 किलोमीटर. त्यात समोच्च रेषा दाट असतील तर चढही आला. बेत आखताना हा हिशोब सुटला, तर मुक्कामाला पोहोचेपर्यंत अंधार पडतो.

प्रमाणाचा सुरक्षेशी काय संबंध?

बरेच पोर्टेज धबधबा किंवा खळाळ टाळण्यासाठीच असतात. त्यामुळे पोर्टेजची सुरुवात पुष्कळदा धोक्याच्या अगदी जवळ असते. फिशरच्या नकाशावरचे 2 मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात 85 मीटर. प्रवाह जोरात असेल तर एवढं अंतर कॅनू फार पटकन कापते.

मे 2024 मध्ये कॅनडाच्या सीमेवरच्या 'कर्टन फॉल्स'वरून दोन कॅनू खाली गेल्या आणि दोघांचा मृत्यू झाला. वसंतात बर्फ वितळल्यावर पाणी वाढतं आणि प्रवाहाचा जोरही. पाण्याची आजची पातळी कोणताही नकाशा सांगत नाही. ती निघण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात किंवा कॅनू भाड्याने देणाऱ्याकडे विचारावी लागते. नकाशावर खळाळ आणि धबधब्याच्या खुणा आधीच ठळक करून ठेवा, आणि तिथे लवकर काठाला लागा.

जुना नकाशा चालेल का?

तलाव जागचे हलत नाहीत, पण बाकीचं बदलतं. 2011 मध्ये 'पगामी क्रीक' वणव्यात 90 हजार एकरांहून जास्त जंगल जळालं. त्यात लेक थ्री आणि लेक फोरचा परिसरही होता. अशा घटनांनंतर मुक्कामाच्या जागा बंद होऊ शकतात. मित्राचा जुना नकाशा घेणार असाल, तर आवृत्तीचं साल बघा आणि बंद जागांची चौकशी करा.

मग फोन नेऊच नये का?

जरूर न्या. फोनमधलं जीपीएस रेंजशिवायही चालतं. गाया किंवा अॅव्हेन्झासारख्या अॅपमध्ये नकाशे घरीच डाउनलोड करून ठेवा. पण बॅटरी संपते, फोन पाण्यात पडतो. फिशर आणि मॅकेन्झीचे नकाशे पाण्याने खराब न होणाऱ्या कागदावर छापलेले असतात. म्हणून भिस्त कागदी नकाशावर आणि फोन पडताळणीपुरता.

सोबत होकायंत्रही हवं. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही, त्यामुळे नवख्यांचं काम सोपं होतं. मेन राज्यात हाच फरक 15 अंशांच्या आसपास आहे. तिथे तो हिशोबात धरावाच लागतो.

पैसे देण्याआधी हे तपासा

– प्रवेशाचं ठिकाण आणि परवाना आधी ठरवा, नकाशा नंतर घ्या. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात मुक्कामी सहलींना प्रवेशाच्या ठिकाणानुसार कोटा असतो.

– मार्ग नकाशाच्या कडेने जात असेल तर शेजारचा नकाशाही घ्या. वाऱ्यामुळे बेत बदलला तर तोच लागेल.

– रोजच्या मुक्कामासाठी एक नाही, तीन-चार लाल ठिपके निवडून ठेवा.

– कॅनू दोन असतील तर नकाशेही दोन हवेत.

– निघाल्यापासून नकाशाची उत्तर बाजू खऱ्या उत्तरेकडे धरा आणि आपण आहोत तिथे अंगठा ठेवा. प्रत्येक बेट ओलांडलं की अंगठा पुढे सरकवा. वाट चुकल्यावर नकाशा उघडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.