“ते जातच तशी!”

परवा आमच्या लोहाऱ्यात एका घरी बसलो होतो. दारात पारधीण आली. वहिनींनी लेकराला आत ओढले, कडी लावली. भिंतीवर बाबासाहेब होते! आम्ही विचारले, “तिनं तुमचं काय नेलं?” “नेलं तं काईच नाई भाऊ, पण ते जातच तशी.” हेच वाक्य आपल्या आजोबांनी किती दारांत ऐकले असेल?

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, भटक्यांवरचा संशय मात्र गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे.