तापीच्या मुखाशी: अपंगांची नोंद आणि आपत्तीचा बंदोबस्त

मुलताईजवळ उगम पावून, खानदेशच्या काळ्या मातीतून भुसावळ, प्रकाशे अशी वाट काढीत आलेली तापी सुरतेस वळसा घालून जेथे खंभातच्या आखातास मिळते, तेथे तिच्या उजव्या तीरावर हजीरा वसले आहे. नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करणारे, खत व पोलाद तयार करणारे प्रचंड कारखाने, द्रवरूप वायूची जहाजे उतरविणारे बंदर, आणि या साऱ्यांच्या निकट मोरा, दामका, सुवाली यांसारखी गावे व मजुरांची बिऱ्हाडे, असा तेथील आजचा संसार आहे.

7 ऑगस्ट 2006 रोजी तापीवरील उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. अशा वेळी धडधाकट माणूस वरचा मजला गाठतो, होडीच्या काठावरून आत उडी घेतो, शिध्यासाठी रांगेत उभा राहतो; परंतु ज्यास जिना चढता येत नाही, ज्याची चाकाची खुर्ची होडीत मावत नाही, आणि ज्यास ध्वनिक्षेपकावरील सूचना मुळी ऐकूच येत नाही, त्याच्यावरील संकटाचा मोठा हिस्सा नदीने नव्हे, तर आपल्या व्यवस्थेने निर्माण केलेला असतो. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या 25 तारखेस न्यूयॉर्क येथे अपंगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा निश्चित झाला. त्याच्या अकराव्या अनुच्छेदाने युद्ध, मानवी संकट व नैसर्गिक आपत्ती यांच्या काळात अपंगांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरविले, आणि भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी या करारास मान्यता दिली.

त्या वचनास आपल्याकडे कायद्याचे रूप आले ते 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने. त्यातील आठव्या कलमान्वये जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंगांच्या तपशिलाची नोंद ठेवावयाची आहे आणि धोक्याची वर्दी त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची तजवीज करावयाची आहे. माझ्या मते हे सर्वांत मोलाचे पोटकलम होय. कारण आपत्तीनंतरची करुणा कितीही खरी असली, तरी कोण कोठे राहतो हे दप्तरात नसेल तर तिला दार सापडत नाही. सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो मराठी कुटुंबे पोटासाठी स्थायिक झाली आहेत. ज्याचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र जळगावचे आणि बिऱ्हाड उधन्यास, त्याचे नाव कोणत्या जिल्ह्याच्या नोंदवहीत शोधावयाचे? हजीऱ्याच्या कंत्राटी मजुराच्या घरातील अपंग मुलाविषयीही हाच प्रश्न उभा राहतो.

हजीऱ्यास पुराइतकाच धोका वायूचा. 24 सप्टेंबर 2020 च्या पहाटे तेथील तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकल्पात स्फोट होऊन आग भडकली. घातक रसायनांसंबंधीच्या 1989 च्या नियमांनी कारखान्याच्या कुंपणाबाहेरील आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. त्या आराखड्याचा सारा भर भोंग्यावर असेल, तर निजलेल्या कर्णबधिर स्त्रीस तो निरुपयोगी. तिला हवा लुकलुकणारा दिवा, किंवा दार ठोठावण्याऐवजी आत येऊन खांदा हलविणारा नेमलेला शेजारी. वाऱ्याची दिशा दाखविणारा कापडी मोजा अंधास दिसत नाही, म्हणून वारा कोणीकडून आहे आणि कोणत्या वाटेने निघावे हे शब्दांनी सांगावे लागते. अंथरुणास खिळलेल्यास हलविणेच अनेकदा अशक्य. त्याच्यासाठी घरातली एक खोली अगोदर निवडून, खिडक्यांच्या फटी बुजविण्यास ओले कापड व चिकटपट्टी हाताशी ठेवावी लागते. यांपैकी कशासही फारसा खर्च नाही, पण सारे आधी ठरलेले असावे लागते.

जपानने हा धडा दुःखातून घेतला. 2011 च्या भूकंप व त्सुनामीत अपंगांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होते. तेव्हा 2013 मध्ये तेथील कायद्याने साहाय्याची गरज असलेल्यांची नोंदवही नगरपालिकांना बंधनकारक केली. परंतु नावे लिहून माणसे वाचत नाहीत हे ध्यानी येताच 2021 मध्ये प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र स्थलांतर-योजना करण्याचा प्रयत्न हे पालिकांचे कर्तव्य ठरविले. कोणाला कोण नेणार, कोणत्या वाटेने, कोणत्या निवाऱ्यात, हे त्या योजनेत लिहावयाचे असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आपत्ती-जोखीम कार्यालयाने 2023 मध्ये जगभरातील अपंगांना विचारले असता 84 टक्के लोकांनी अशी वैयक्तिक योजना आपल्याजवळ नसल्याचे सांगितले. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2019 मध्ये अपंगांना सामावून घेणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती दिल्लीहून मामलतदाराच्या कचेरीपर्यंत आणि तेथून मोऱ्याच्या गल्लीपर्यंत उतरली पाहिजेत.

त्याचा आरंभ रंगीत तालमीपासून करता येईल. हजीऱ्याच्या कारखान्यांभोवती पुढली तालीम होईल तेव्हा प्रशासनाने त्या गावांतीलच अंध, कर्णबधिर व चाकाच्या खुर्चीवरील रहिवाशांस परीक्षक म्हणून बोलवावे, भोंगा वाजल्यापासून निवाऱ्यात पोहोचेपर्यंत त्यांना कोठे कोठे अडले ते त्यांच्याच तोंडून रोजनाम्यात लिहून घ्यावे, आणि ती उणीव दूर होईपर्यंत आराखड्यास मंजुरी देऊ नये.