कॅफीनमुक्त कॉफी : नैसर्गिक प्रक्रिया आणि स्वादरक्षण

प्रस्तावना

कॉफीचा उत्तेजक गुण मुख्यतः तिच्यातील कॅफीन या अल्कलॉइडमुळे येतो. जर्मन कवी गटे यांनी दिलेल्या कॉफीच्या बियांपासून फ्रीडलीब रुंगे या रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ते प्रथम वेगळे केले. अरेबिका जातीच्या बियांत साधारणपणे १.२ टक्के, तर रोबस्टा जातीत सुमारे २.२ टक्के कॅफीन असते. निद्रानाश वा हृदयाची धडधड यांचा त्रास असलेल्यांना ते वर्ज्य करावे लागते. दररोज ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींनी ते प्रमाण कमी करावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली. अशा ग्राहकांसमोर ‘नैसर्गिक पद्धतीने कॅफीनमुक्त’ असे लेबल लावलेली कॉफी येते. या शब्दांचा शास्त्रीय अर्थ काय आणि कॅफीन जाऊनही स्वाद कसा टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

कॅफीन काढणे अवघड नाही. केवळ कॅफीनच काढणे अवघड आहे. १०० मिलिलिटर पाण्यात सामान्य तापमानास सुमारे २ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात सुमारे ६६ ग्रॅम कॅफीन विरघळते. परंतु शर्करा, ॲमिनो आम्ले व क्लोरोजेनिक आम्ले हीदेखील पाण्यात विरघळतात. कच्च्या, हिरव्या बीला कॉफीचा परिचित सुगंध नसतो. बी भाजताना शर्करा व ॲमिनो आम्ले यांच्यात होणाऱ्या मायार अभिक्रियेतून आणि अन्य बदलांतून तो निर्माण होतो. म्हणून कॅफीन भाजण्यापूर्वीच काढले जाते आणि स्वाद टिकवणे म्हणजे हे पूर्वघटक बीमध्ये राखणे होय. कॅफीन स्वतः कडू असले, तरी कॉफीच्या कडूपणातील त्याचा वाटा अल्प आहे.

द्रावक पद्धती

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील ब्रेमेन येथे लुडविग रोझेलियस यांनी पहिली यशस्वी व्यापारी पद्धत विकसित केली. तीत बिया वाफवून बेंझीन वापरले जाई. बेंझीन कर्करोगकारक असल्याने ते पुढे मागे पडले व त्याची जागा डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकांनी घेतली. इथिल ॲसिटेट हे आणखी एक द्रावक होय. ते फळांत आढळते आणि उसाच्या मळीच्या किण्वनातून मिळणाऱ्या अल्कोहोलपासूनही तयार करता येते. त्यामुळे या पद्धतीलाही बाजारात ‘नैसर्गिक’ म्हटले जाते. तथापि उसापासून केलेला आणि कारखान्यात संश्लेषित केलेला इथिल ॲसिटेटचा रेणू एकच असतो.

जल पद्धती

स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेली आणि १९८० च्या दशकात व्यापारी स्वरूपात आलेली जल पद्धती ‘स्विस वॉटर’ या नावाने ओळखली जाते. आरंभी बियांचा एक हप्ता गरम पाण्यात भिजवतात. कॅफीन व स्वादाचे पूर्वघटक असे दोन्ही पाण्यात उतरतात. या बिया टाकून दिल्या जातात. ते पाणी सक्रियित कोळशातून नेले असता कोळसा कॅफीन धरून ठेवतो. उरतो तो अन्य घटकांनी संपृक्त, परंतु कॅफीनरहित अर्क. नव्या बिया याच अर्कात भिजवतात. विसरण हे संहतीतील फरकावर अवलंबून असते. शर्करा व आम्ले यांची संहती आत-बाहेर जवळपास समान असल्याने ती फारशी बाहेर पडत नाहीत; कॅफीन मात्र अर्काकडे जात राहते. अर्क पुन्हा कोळशातून नेऊन हे चक्र अनेक तास चालवतात. येथे स्वाद राखला जातो तो पाण्याच्या सौम्यतेमुळे नव्हे, तर या समतोलामुळे.

कार्बन डायऑक्साइड पद्धती

जर्मनीतील म्यूलहाइम येथील माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोसेल यांनी १९६७ मध्ये वेगळा मार्ग शोधला. सुमारे ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाब ओलांडल्यावर कार्बन डायऑक्साइड अतिक्रांतिक अवस्थेत जातो. या अवस्थेत तो वायूप्रमाणे बीमध्ये शिरतो व द्रवाप्रमाणे विरघळवतो. ओलसर केलेल्या बियांतून तो कॅफीन उचलतो. शर्करा व ॲमिनो आम्ले त्यात फारशी विरघळत नाहीत. दाब कमी करताच तो वायुरूपाने निघून जातो. मात्र उच्च दाबाची यंत्रणा खर्चिक असल्याने ही पद्धत मोठ्या उत्पादनासच परवडते.

मर्यादा

कोणत्याही पद्धतीत स्वाद पूर्णतः अबाधित राहत नाही. भिजून वाळलेली बी अधिक तपकिरी होते. त्यामुळे रंगावरून भाजणीचा अंदाज घेणे कठीण जाते. ‘कॅफीनमुक्त’ म्हणजे शून्य कॅफीनही नव्हे. १० ग्रॅम अरेबिकात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. त्यातील ९७ टक्के काढले तरी सुमारे ३.६ मिलिग्रॅम उरते. रोबस्टाच्या बाबतीत हाच आकडा ६.६ मिलिग्रॅम येतो.

समारोप

‘नैसर्गिक’ हा शब्द द्रावकाचा उगम सांगतो. प्रक्रियेची निवडक्षमता वा शिल्लक कॅफीन सांगत नाही. फळांतील द्रावक, पाणी व कार्बन डायऑक्साइड या तिन्हींना तो लावता येतो, परंतु तिन्हींचे कार्य भिन्न आहे. म्हणून आरोग्याच्या कारणास्तव अशी कॉफी निवडणाऱ्याने कॅफीन कोणत्या पद्धतीने काढले आणि किती उरले, हे पाहणे अधिक उचित ठरते.