पद्मिनीचा अस्सलपणा

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन, म्हणजे झिजलेली किंवा गंजलेली गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच्या रूपाकडे परत नेणे, हे डेंटर, रंगारी आणि मेकॅनिक यांच्या कौशल्याचे काम मानले जाते. परंतु गाडीचा कोणता भाग मूळचा, कोणता मागाहून बसवलेला आणि कोणता नव्याने घडवलेला, हे ठरल्याखेरीज ते कौशल्य कोणत्या दिशेने वापरायचे हेच निश्चित होत नाही, आणि म्हणून या कामाची खरी सुरुवात पुराव्याच्या तपासणीने होते. मुंबई आणि तिच्या उत्तरेकडील वसई-विरार पट्ट्यात या तपासणीचे सर्वांत उद्‌बोधक उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी ही मोटार होय.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ यांसारख्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन फियाट 1100 आली, जिला मुंबईकरांनी तिच्या गुबगुबीत आकारावरून ‘डुक्कर फियाट’ म्हटले, 1964 मध्ये तिची जागा ‘डिलाइट’ने घेतली, आणि परवान्याचा काळ संपल्यावर तीच गाडी अल्पकाळ ‘प्रेसिडेंट’ व 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने निघू लागली. इटलीत या घाटाची गाडी 1966 मध्येच थांबली, तर कुर्ल्यात ती शतक सरेपर्यंत चालू राहिली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून तर ती थेट 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली. एवढ्या दीर्घ काळात सुटे भाग देशी पुरवठादारांकडून येऊ लागल्यामुळे आणि तपशील वेळोवेळी बदलत गेल्यामुळे, इटालियन पुस्तिकेतील चित्र हे 1985 च्या पद्मिनीसाठी प्रमाण ठरू शकत नाही. तिचा अस्सलपणा कुर्ल्याच्या, आणि त्यातही त्या विशिष्ट वर्षाच्या, उत्पादनाशी ताडून पाहावा लागतो.

या प्रश्नाला आता कायदेशीर बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला नोंदणी क्रमांक मिळू शकतो. मात्र चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी 2024 मध्ये गाठली. या गाडीची रचना मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसून पत्र्याच्या सांगाड्यानेच सारा भार पेलणारी, असल्यामुळे सांगाडा बदलणे म्हणजे गाडीची ओळखच बदलणे होय, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. म्हणूनच तपासणीत पहिला मान आरसी बुकातील चॅसी व इंजिन क्रमांकांना असतो: ठोक्यांची खोली, अंकांचे वळण, ओळीचा सरळपणा आणि भोवतीच्या पत्र्यावरील घासल्याच्या खुणा पाहून क्रमांक कारखान्यातला की नंतर ठोकलेला, याचा अंदाज बांधला जातो.

सांगाड्याची परीक्षा वसई-विरारमध्ये अधिक कठोर ठरते, कारण एका बाजूस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि मधे मिठागरे असलेल्या या प्रदेशातील खारी हवा व लांबलेला पावसाळा पत्र्याला आतून खातात, आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या, फ्लोर, मडगार्डच्या कडा व डिकीचा तळ हे भाग एकदा तरी बदललेले असण्याची शक्यता मोठी असते. कारखान्यात पत्र्यांच्या कडा स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे दाब व वीजप्रवाह देऊन ठरावीक अंतरावरील ठिपक्यांनी, जोडलेल्या असतात, तर गॅरेजमधील दुरुस्तीत बहुधा सलग किंवा ओबडधोबड सांधा दिसतो. त्यामुळे रबरी बीडिंग काढून कडेवरचे ठिपके तपासले, की मूळ पत्रा कुठे संपतो ते कळते. लोहचुंबक जिथे पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असतो, आणि रंगाची जाडी मोजणारे यंत्र, जे कारखान्याच्या रंगावर साधारण 100 ते 150 मायक्रॉन दाखवते, तेथे याच्या कितीतरी पट आकडा देते.

रंगाचा पुरावा सर्वांत नाजूक असतो, कारण पुनरुज्जीवनात सर्वप्रथम नष्ट होतो तो तोच. कारखान्यातील रंग मोकळ्या सांगाड्यावर मारून भट्टीत पक्का केला जातो, आणि त्यानंतर काचा, रबर व वायरिंग बसते. म्हणून वायरींवर किंवा रबरावर उडालेला फवारा ही नंतरच्या रंगकामाची निश्चित खूण ठरते. मूळ छटा शोधायची तर ती उन्हाने फिक्या झालेल्या बोनेटवर न शोधता डॅशबोर्डमागे, मॅटखाली किंवा दाराच्या आतील गादीमागे पाहावी लागते, आणि तेथील एखादा इंचभर भाग बारीक पॉलिश पेपरने उतरता घासला, तर रंगाचे थर कड्यांसारखे उघडे पडून टॅक्सीचा काळा, त्याखालचा खाजगी गाडीचा रंग आणि तळाचा प्रायमर यांचा क्रम वाचता येतो.

सुट्या भागांबाबत ओतीव अक्षरे बोलकी असतात. मराठ्यांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर देवळांत गेलेल्या पोर्तुगीज घंटांचे मूळ जसे स्थान बदलूनही त्यांच्या अंगावरील खुणांवरून ओळखता येते, तसेच इंजिनचा ब्लॉक, डायनॅमो किंवा काच यांवरील निर्मात्याची मुद्रा त्यांचे कुळ सांगते. पद्मिनीच्या 1089 घन सेंटिमीटर इंजिनाचा ब्लॉक खराब होऊन दुसऱ्या गाडीचा बसवलेला असेल, तर तो अस्सल पद्मिनीचा असला तरी त्या गाडीचा अस्सल नसतो, आणि हा भेद नोंदवहीत स्पष्ट लिहावा लागतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या भागांच्या बाजारात जे मिळत नाही, ते वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांसारख्या लहान कारखान्यांत घडवून घेणे शक्य असते; रबरी बीडिंग साच्यातून काढता येते, ग्रिलवर तांबे, निकेल आणि क्रोम असे थर चढवता येतात. अशी प्रतिकृती हा दोष नव्हे. ती मूळ म्हणून खपवणे हा दोष होय, आणि तो टाळण्यासाठी नव्या भागाच्या न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरणे हा साधा उपाय पुरेसा आहे. उलट, कारखान्याच्या दर्जाहूनही गुळगुळीत रंग आणि आरशासारखे क्रोम चढवलेली गाडी प्रदर्शनात बक्षीस मिळवू शकते, परंतु कुर्ल्याने तशी गाडी कधी बनवलीच नव्हती.

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने, वास्तूंच्या जतनासाठीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर स्वीकारलेली ट्यूरिन सनद हाच विचार मांडते, की शक्य तेवढे मूळ जपावे, हस्तक्षेप कमीत कमी करावा आणि केलेला प्रत्येक बदल नोंदवावा. पद्मिनीसारख्या सामान्यांच्या गाडीला हे तत्त्व विशेष लागू पडते, कारण राजेमहाराजांच्या गाड्यांसारखी कागदपत्रे तिच्यामागे क्वचितच असतात, आणि पहिला नट सैल करण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे, मोजलेले मायक्रॉन व लिहिलेले क्रमांक हीच तिची बखर ठरते. ती लिहिल्यावर एखादे मडगार्ड बदलले तरी इतिहास हरवत नाही, ती न लिहिता केलेले उत्तमातले उत्तम रंगकाम मात्र तो कायमचा पुसते.